दादासाहेबांचा खुबा आणि चार पावले

एका जंगलात एक गवा राहत होता. राहत होता म्हणजे बसत होता.

गवा म्हणजे म्हैस नव्हे, मुलांनो. म्हैस दूध देते, गवा भाषण देतो. पंचवीस मण वजन, काळीभोर पाठ आणि चारही पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा रंग. या गव्याला सगळे दादासाहेब म्हणत. दादासाहेब जंगलाचे अध्यक्ष होते.

अध्यक्षाला काम काय असते ते सांगतो. जंगलाच्या मधोमध एक सपाट कातळ होता. त्यावर बसायचे. कोणी हार घेऊन आले की उठायचे, हार घालून घ्यायचा आणि पुन्हा बसायचे. असे दिवसातून तीस-चाळीस वेळा. दरवेळी पंचवीस मण उचलायचे आणि पंचवीस मण टेकवायचे. सोळा वर्षांत दादासाहेबांच्या डाव्या खुब्याची पार वाट लागली.

"साहेब जनसेवेत झिजले," असे सगळे म्हणत. झिजला होता तो फक्त खुबा. बाकीचे साहेब होते तसेच होते, उलट थोडे वाढलेच होते.

एरवी यात काही अडले नसते. नुसते बसायचे तर खुब्याचे फारसे काम नाही. पण त्या जंगलात एक जुनी चाल होती. दरवर्षी उन्हाळा लागला की अध्यक्षाने जंगलाच्या शिवेवरून एक पुरी फेरी मारायची. स्वतःच्या पायांनी, वाटेत कुठेही न बसता. हिला शिवफेरी म्हणत. वाटेत बसला तो अध्यक्ष उरत नसे. त्याला तिथेच सोडून बाकीचे पुढे जात आणि फेरी संपायच्या आत नवा अध्यक्ष निवडत. पूर्वज मोठे शहाणे होते. त्यांनीही बसणारे अध्यक्ष पाहिले असावेत.

शिवफेरीला चार महिने उरले, आणि दादासाहेबांना कातळावरून उतरताना हंबरडा फोडावा लागू लागला. तेव्हा डॉक्टर टोकेकरांना बोलावणे गेले.

टोकेकर म्हणजे सुतार पक्षी. डोक्यावर लाल तुरा, लांब चोच आणि त्या चोचीत साखरेचा कण नाही. पूर्वेकडच्या म्हाताऱ्या ऐनाच्या झाडात त्यांचे बिऱ्हाड होते. खालच्या ढोलीत दवाखाना, वरच्या ढोलीत बायको आणि तीन अंडी. हाडाचे काम करणारे त्या जंगलात ते एकटेच. ज्याने जन्मभर लाकडावर टकटक करून आत काय पोकळ आणि काय भरीव हे कानाने ओळखले, त्याला हाड वेगळे शिकवावे लागत नाही.

टोकेकरांनी साहेबांच्या मांडीवर चार ठोके मारले, कान लावला आणि मान हलवली.

"सांधा गेला. बदलावा लागेल."

"बदला," दादासाहेब म्हणाले. सोळा वर्षांत त्यांनी पुष्कळ काही बदलले होते. स्वतःचे काही बदलायची मात्र ही पहिलीच वेळ.

शेजारी उदयराव उभे होते. हे उदमांजर म्हणजे साहेबांचे खासगी सचिव. अंगाला कायम अत्तराचा वास आणि आवाजाला कायम तेल.

"कसं करणार, तेवढं सांगा डॉक्टर," उदयराव म्हणाले. "आम्हाला निवेदन काढायचंय."

"दोन तऱ्हा आहेत," टोकेकर म्हणाले. "एक, धातूचा दांडा सिमेंट भरून हाडात बसवायचा. लगेच पक्का होतो. हाड जुनं, विरविरीत असेल तर तेच बरं. पण साहेबांचं हाड चांगलं आहे आणि वजन भरपूर. पुढे सिमेंटला तडे गेले तर पंचाईत. दुसरी तऱ्हा बिनसिमेंटची. टायटॅनियमचा दांडा हाडात घट्ट ठोकायचा आणि गप्प बसायचं."

"मग तो चिकटतो कशानं?"

"हाडच चिकटवतं."

उदयराव हसले. त्यांना वाटले, डॉक्टर थट्टा करतात.

"हाड म्हणजे लाकूड नव्हे," टोकेकर म्हणाले. "ते जिवंत असतं. रोज थोडं स्वतःला पोखरतं, रोज थोडं नवं बांधतं. आत गवंडी राबतात समजा. टायटॅनियम हा धातू गरीब स्वभावाचा. हवा लागली की अंगावर पातळ साय धरतो, त्यामुळे शरीराला तो परका वाटत नाही. त्याच्या दांड्याचं अंग मुद्दाम खरखरीत ठेवायचं, बारीक बारीक भोकांचं. गवंडी त्या भोकांत शिरतात आणि आत हाड बांधतात. काही महिने गेले की हाड कुठं संपलं आणि धातू कुठं सुरू झाला, ते मलाही सांगता यायचं नाही."

"वा! आणि अट काय?"

"एकच. हलता कामा नये. पहिले सहा आठवडे त्या पायावर पुरा भार टाकायचा नाही. दांडा आतल्या आत दोन केसांच्या जाडीएवढा जरी हलत राहिला, तरी गवंडी काम सोडतात. म्हणतात, इथं बांधून उपयोग नाही. हाडाऐवजी एक मऊ, चिवट पडदा विणतात आणि निघून जातात. तो पडदा धरला की खुबा खुळखुळत राहतो."

"म्हणजे सहा आठवडे साहेबांनी करायचं काय?"

"काहीही नाही."

"ते जमेल," दादासाहेब ठामपणे म्हणाले.

उदयरावांना मात्र एक शब्द टोचत होता. "खरखरीत? साहेबांच्या अंगात खरखरीत वस्तू? चकचकीत नाही का करता येणार?"

"दांड्याच्या टोकाला बसतो तो गोळा चकचकीत असतो. तो खुब्याच्या वाटीत फिरतो, म्हणून. दांडा खरखरीतच लागतो. गुळगुळीत भिंतीवर गिलावा बसतो का?"

गोळा चकचकीत म्हटल्यावर उदयरावांचे समाधान झाले. तो आत जाऊन कोणाला दिसणार नाही, एवढीच हळहळ राहिली. मग त्यांनी एक हमीपत्र पुढे केले. शिवफेरीत साहेब बसले तर ऐनाचे झाड दवाखान्यासकट आणि बिऱ्हाडासकट अध्यक्षांच्या कार्यालयाकडे जमा.

टोकेकरांनी वर पाहिले. वरच्या ढोलीत अंडी उबवली जात होती. त्यांनी सही केली. हाडावर त्यांचा पुरा भरवसा होता. हाडाच्या मालकावर नव्हता, पण हमीपत्रात त्यासाठी रकाना नव्हता.

समुद्रकाठच्या काळ्या वाळूतून खेकड्यांनी धातू काढून दिला. साहेबांचा दांडा घडवून झाल्यावर एक तुकडा उरला. टोकेकरांना काटकसरीची खोड होती. त्यांना सायाळकाकू आठवल्या.

सायाळकाकू जंगलाच्या टोकाला एका बिळात एकट्या राहत. सायाळ चिडली की पाठमोरी होते आणि काटे उभारून उलट्या पावली अंगावर येते, हे तुम्हाला ठाऊक असेल. काकू जन्मभर चिडलेल्या होत्या. जन्मभर उलट्या धावून त्यांचाही खुबा झिजला होता. अंगावर होते त्याहून चार काटे त्यांच्या जिभेवर जास्त. त्यामुळे त्यांच्याकडे कोणी फिरकत नसे.

"उरलेला तुकडा होय?" काकू म्हणाल्या. "घाला. जन्मभर उरलंसुरलंच वाट्याला आलंय. उगाच ताजं घालाल तर अंगाला लागायचं नाही."

दोन्ही शस्त्रक्रिया एकाच दिवशी झाल्या. दांडा हाडात ठोकताना आधी आवाज बद्द येतो. तो घट्ट होत जातो तसा आवाज चढतो आणि एका ठोक्याला ठण्ण होतो. तिथेच थांबायचे. पुढचा एक ठोका जास्त पडला तर हाड उलते. तो ठोका ओळखायला कान लागतो, आणि कान तर टोकेकरांचाच. साहेबांचा खुबा ठण्ण वाजला. काकूंचाही ठण्ण वाजला. त्या दिवशी त्या दोन खुब्यांत काडीचा फरक नव्हता. हे नीट लक्षात ठेवा, मुलांनो. पुढे चौकशी समितीच्या हे लक्षात राहिले नाही.

तिसऱ्या दिवसापासून साहेबांकडे रीघ लागली.

आजाऱ्याला भेटायला जाणे ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्या जंगलात तिची एक रीत होती. भेटून आलेल्याने घरी जाऊन "बरे आहेत" एवढेच सांगितले, तर घरचे विचारत, "पण चालून दाखवलं का?" नाही म्हटले की नाक मुरडत. "मग भेटलात कसले! तोंड बघून आलात." तेव्हा आजाऱ्याने उठायचे, चार पावले चालून दाखवायचे आणि पाहुण्याला दारापर्यंत पोहोचवायचे. असे झाले तरच भेट पुरी झाली.

पहिले आले भालेराव अस्वल. हातात मधाचे पोळे, चेहऱ्यावर काळजी.

"साहेब, उठू नका, उठू नका," भालेराव म्हणाले आणि साहेब उठेपर्यंत तिथेच उभे राहिले.

दादासाहेब उठले. चार पावले चालले.

"वा! वाटतच नाही हो आजारी! घट्ट बसलाय ना पण? बघू." असे म्हणून भालेरावांनी दोन्ही पंजांनी साहेबांची मांडी धरली आणि गदागदा हलवून पाहिली. "बसलाय बरं का. माझ्या मेव्हण्याचा असाच होता. त्याचा नाही टिकला."

मग माकडांचे शिष्टमंडळ आले. मग रानडुकरांची पतसंस्था आली. ससे आले, भेकरे आली, साळुंक्यांचे महिला मंडळ आले. उदयरावांनी वही ठेवली होती आणि वेळा वाटून दिल्या होत्या. दिवसाला चाळीस भेटी. प्रत्येकासाठी उठणे, चार पावले, दारापर्यंत पोहोचवणे आणि जाता जाता खुबा हलवून बघणे. आंब्याची कोय रुजली का हे पाहायला रोज माती उकरणारी पोरे असतात ना, तसा सगळा प्रकार. फक्त या पोरांना मिशा होत्या.

झाडाझाडांवर फलक लागले. "आमचे लाडके नेतृत्व दादासाहेब यांच्या खुब्यास दीर्घायुष्य लाभो." खाली चाळीस शुभेच्छुकांचे चेहरे. खुबा कुठेच नव्हता.

टोकेकर आले आणि त्यांचा तुरा ताठ उभा राहिला. "हे काय चाललंय? मी सांगितलं होतं ना, हलायचं नाही?"

"चार पावलं तर चालतात साहेब," उदयराव म्हणाले. "चार पावलांनी काय होतंय?"

"चाळीस वेळा चार म्हणजे एकशेसाठ. आणि त्या भालेरावांचं हलवणं वेगळं."

"डॉक्टर," दादासाहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज भरून आला, "जनता दारात आली आणि मी आडवा पडून राहू? सोळा वर्षं मी कुणासमोर उठलो नाही असं झालं नाही."

हे खरे होते. म्हणूनच तर खुबा गेला होता.

टोकेकरांनी चोचीने सालपटावर मोठ्या अक्षरांत कोरले, "आजाऱ्याने उठू नये", आणि ते दारावर ठोकले. दुसऱ्या दिवशी पाहिले तर त्याच्या बाजूला उदयरावांनी दुसरे सालपट लावले होते. "तरीही साहेब उठतात!" ते वाचून भेकरांच्या डोळ्यांत पाणी आले आणि दारातली रांग आणखी लांबली.

रोज साहेबांकडे डोके फोडून झाले की टोकेकर दुपारी काकूंकडे जात.

काकू पडून असत. दोन काठ्या भिंतीला टेकवलेल्या. पाणी पिण्यापुरते आणि बाहेर जाण्यापुरते उठायचे, तेही काठ्यांवर भार देऊन. बाकी दिवस कुशीवर.

"कोणी आलं होतं का?" पहिल्या आठवड्यात टोकेकरांनी सहज विचारले.

"कोण येणार?" काकू म्हणाल्या. "मेलं, मुंगीसुद्धा वळसा घालून जाते."

टोकेकरांनी त्यांच्या मांडीवर हळूच टकटक केली. आत कसे एकदम गप्पगार होते. गवंडी कामाला लागले होते.

"झकास!" ते म्हणाले. "कोणी येत नाही हे फार उत्तम."

टोकेकरांच्या लक्षात आले की आपण भलतेच बोलून बसलो. पण बोललेले खोटे नव्हते, म्हणून त्यांना जास्तच वाईट वाटले.

चौथ्या आठवड्यात ते गेले तेव्हा बिळाचे दार सारवलेले होते. कोपऱ्यात पळसाच्या पानावर चार कंद मांडून ठेवले होते, वर दुसरे पान झाकण म्हणून.

"हे कुणासाठी?"

"कुणासाठी नाही. असंच." काकूंनी तोंड भिंतीकडे केले. "त्या गव्याकडे रांग लागलीय म्हणे. म्हटलं, एखादा वाट चुकून इकडे आला तर पुढे काहीतरी ठेवायला हवं."

"सारवायला उठलात?"

"बसून सारवलं. दुसऱ्या पायावर भार देऊन. तुमचा पाय जरासुद्धा हलवला नाही, उगाच ओरडू नका. आणि उठून तरी कुणाला दाखवू?"

टोकेकरांनी एक कंद खाल्ला. कडू होता. त्यांनी दुसराही खाल्ला.

सहा आठवडे झाले. टोकेकरांनी आधी काकूंच्या मांडीवर चोच मारली. ठण्ण. भरीव, गोड, एकजीव आवाज. त्यांनी डोळे मिटून तो दोनदा ऐकला.

"काकू, उद्यापासून काठी सोडा आणि चाला. रोज चाला. आता चाललंच पाहिजे. हाड मोठं आळशी असतं, भार पडला नाही तर झिजायला लागतं."

"चालून जाऊ कुठं?"

"शिवेवरून फेरी मारा. तिथं कुणी भेटत नाही."

मग ते साहेबांकडे गेले. भेटीला आलेल्या रानकोंबड्यांना बाहेर काढले आणि चोच मारली. बद्द. पुन्हा मारली. बद्द. आत पडदा धरू लागला होता.

"उदयराव," टोकेकर म्हणाले, "दांडा हलतोय. अजून वेळ गेलेली नाही. आज, आत्तापासून साहेबांना निजवा. दार लावून घ्या. कदाचित हाड अजून धरेल."

"आज?" उदयरावांनी जीभ चावली. "आज संध्याकाळी तर 'हाड जुळले' सोहळा आहे. मांडव पडलाय. तुमचा दाखलाच घ्यायचा राहिलाय."

"मी खोटा दाखला देणार नाही."

"खोटा कोण मागतंय?" उदयरावांच्या आवाजातले तेल वाढले. "खरंच लिहा. फक्त जरा बरं लिहा. नाहीतर मग ते हमीपत्र आत्ताच काढावं लागेल. पिल्लं झाली म्हणे तुम्हाला? तिन्ही छान आहेत ना?"

तिन्ही पिल्ले छान होती. डोळे अजून उघडले नव्हते.

टोकेकरांनी दाखल्यावर लिहिले, "प्रगती समाधानकारक."

मुलांनो, हे दोन शब्द पाठ करून ठेवा. मोठेपणी तुम्हाला ते पुष्कळ कागदांवर भेटतील. ते लिहिणाऱ्याला सगळे ठाऊक असते. टोकेकरांना तर कानाने ठाऊक होते. इतका वेळ मी त्यांची बाजू घेत होतो. इथे नाही घेणार.

त्या संध्याकाळी साहेब मांडवात दहा पावले चालले. टाळ्यांनी पाने गळाली.

आणि शिवफेरीचा दिवस उजाडला.

ढोल वाजले. दादासाहेब पुढे, उदयराव शेजारी, मागे सारे जंगल. टोकेकर वरून उडत होते आणि त्यांचे लक्ष फक्त डाव्या मांडीवर होते. पहिल्या वळणाला साहेब लंगडू लागले. "काय रुबाबदार चाल!" माकडे म्हणाली. दुसऱ्या वळणाला साहेबांच्या तोंडाला फेस आला. तिसऱ्या वळणाला करवंदीच्या जाळीपाशी मांडीतून कळ गेली, साहेबांनी हंबरडा फोडला आणि पंचवीस मण एकदम खाली बसले.

ढोल थांबले. सगळे एकमेकांकडे बघू लागले.

त्या शांततेत मागून खसखस ऐकू आली. सायाळकाकू रोजच्या फेरीला निघाल्या होत्या. काठी नाही, लंगडणे नाही. त्या गर्दीतून वाट काढत आल्या, बसलेल्या साहेबांना वळसा घातला आणि पुढे निघून गेल्या. फेरी त्यांनी पुरी केली. कोणी पाहिली नाही, कारण सगळे साहेबांना उचलण्यात गुंतले होते.

लगोलग चौकशी समिती बसली. समिती म्हणजे एक कासव. निवृत्त होते, आणि घाई नव्हती.

"भेटीला आलेल्यांमुळे खुबा हलला, असं डॉक्टरांचं म्हणणं आहे," कासव म्हणाले. "साक्षीदार?"

भालेराव उभे राहिले. "मी स्वतः पाहिलं, तिसऱ्या दिवशी साहेब छान चालले. खुबा हलवूनही पाहिला. घट्ट होता."

माकडांनी तेच सांगितले. रानडुकरांनी तेच सांगितले. सोळाशे ऐंशी भेटी, सोळाशे ऐंशी साक्षी. प्रत्येकाने साहेबांना चार पावले नीट चालताना पाहिले होते. मग भेटींनी बिघाड झाला, हे कसे मानायचे?

"साक्षी राहू द्या," टोकेकर ओरडले. "त्याच दिवशी, त्याच धातूचा दांडा मी सायाळकाकूंना बसवला. त्या सहा आठवडे पडून राहिल्या. आज शिवफेरी करून आल्या. विचारा त्यांना!"

काकूंना बोलावले. सभेत सगळ्यांकडे तोंड करून उभे राहायची त्यांना सवय नव्हती. त्या पाठमोऱ्याच आल्या.

"तुमचा खुबा बदलला?" कासवाने विचारले.

"बदलला."

"आजारी असताना तुम्हाला कोणी पाहिलं?"

"डॉक्टरांनी."

"ते आरोपी आहेत. दुसरं कोणी? भेटायला कोण कोण आलं होतं?"

काकूंनी बराच वेळ आठवल्यासारखे केले. आठवायला काही नव्हते. "कोणी नाही," त्या म्हणाल्या. सबंध जंगलात एवढ्या हळू आवाजात त्यांना कोणी कधी ऐकले नव्हते.

"लिहून घ्या," कासव म्हणाले. "सदर सायाळ आजारी असल्याचा पुरावा नाही. खुबा मुळातच चांगला असावा."

दुसऱ्या दिवशी अहवाल आला. दांडा खरखरीत असल्याने साहेबांना त्रास झाला. यापुढे जंगलात दांडा आरशासारखा चकचकीतच वापरावा. शिवफेरीत बसला तो खुबा. खुबा डॉक्टरांनी पुरवलेला, सबब बसले ते डॉक्टर. साहेब अध्यक्षपदी कायम. शिवाय डॉक्टरांनी स्वतःच्या सहीने प्रगती समाधानकारक असल्याचे लिहून दिले होते, ते अहवालाला जोडले आहे.

टोकेकरांनी तो शेवटचा कागद वाचला आणि वाद घालायला चोच उघडली नाही. बाकीचे सगळे खोटे होते. तेवढी सही खरी होती.

ऐनाचे झाड जमा झाले. तिथे मोराचा नवा दवाखाना निघाला. आजाऱ्यांसाठी एक खोली आणि भेटायला येणाऱ्यांसाठी अकरा. मोराने साहेबांना चकचकीत दांडा बसवला. त्यात साहेबांचे तोंड दिसत होते. साहेब सध्या रोज साठ जणांना चालून दाखवतात. तिसऱ्या शस्त्रक्रियेची तारीख लवकरच जाहीर होईल.

टोकेकर बायको-पिल्लांना घेऊन जंगलाच्या टोकाला एका वाळक्या सावरीवर राहायला गेले. खालीच काकूंचे बीळ होते. दुपारी ते खाली उतरत. काकू पानावर कंद ठेवत. आता ते कोणासाठी, हे विचारावे लागत नसे.

"डॉक्टर," एके दिवशी काकू म्हणाल्या, "म्हणजे कागदावर माझा खुबा कधी बिघडलाच नव्हता?"

"कागदावर नाही."

"मग सहा आठवडे दार सारवून मी पडले होते, ते कशासाठी?"

टोकेकरांनी वाकून काकूंच्या मांडीवर एक ठोका मारला.

ठण्ण.

"वाजतोय तर छान," काकू म्हणाल्या, आणि उठून फेरीला गेल्या.

तात्पर्य : आजारपण नेहमी चारचौघांत काढावे आणि येईल त्याला चालून दाखवावे. एकट्याने गुपचूप पडून राहणारा बरा होतो खरा, पण तो कधी आजारी होता याला साक्षीदार मिळत नाही. हाडाला एवढी अक्कल नसते. ते मेले कोणी बघत नसतानाच जुळते.